मात्थेंचं घड्याळ

लॉक्ल गावातल्या बर्फाचा लख्ख उजेड घड्याळाच्या दुकानातल्या, खिडकीजवळच्या बाकावर पडला होता. म्हाताऱ्या मात्थेंचं खिशातलं घड्याळ मी वेळेला लावत होते. माझी तान्ही एलोदी मांडीवर निजलेली.

चिमट्यानं घड्याळातलं डुलतं बॅलन्स-चाक थांबवलं, तसा तिचा श्वास थांबला.

दचकून चिमटा काढला. टिकटिक सुरू झाली, तिचा श्वासही. गतीचा काटा केसभर सरकवला, तर तिची छाती भरभर हलू लागली. मी घाईनं तो मागे घेतला.

एवढ्यात मात्थे आले. “पोर सांभाळायचं तर घरी बस ना! आण ते घड्याळ इकडे.”

“राहू द्या ना काका, अजून नीट…”

“चालतंय ना? मग पुरे.” त्यांनी ते हिसकावून खिशात टाकलं.

“काका, रोज चावी द्याल ना?”

“चावी?” ते दारातून हसले. “छे! टिकटिकीनं मला झोप लागत नाही.”