खात्याच्या मोटारीचा आवाज

इंजिनानं पुन्हा बार काढला आणि शेडच्या पत्र्यावरचे पारवे फडफडत उडाले.

"ऐकलंत, मिस्त्री?" दारूबंदीचे इन्स्पेक्टर उद्धवराव खुर्चीतून न उठता म्हणाले. "हेड उतरवलंत, व्हॉल्व्ह घासलेत. त्याला आठ दिवस झाले. गाडी उभी केली की थरथरते, कच्च्या रस्त्याला हळू केली की बार काढते. दारूबंदीची गाडी आहे ही, वरातीतली नाही."

"बघतोय की साहेब," भिमाजी मिस्त्री बॉनेटखालून म्हणाला.

"तुम्ही बघताय आणि आम्ही पोचायच्या आत भट्टीवाले पसार होताहेत. नुसती ऊन चूल सापडते."

"परवा तर भाकरी भाजून घ्यावी इतकी ऊन होती, साहेब," ड्रायव्हर भैरू म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे बघितल्यावर तो वाकून टायर तपासायला लागला.

"आज गाडी नीट झाली नाही, तर उद्यापासून खात्याच्या गाड्या पुण्याला जातील. समजलं?"

भिमाजीनं मान हलवली.

बाकावर बसलेल्या त्याच्या मुलीला, इंद्रायणीलाही समजलं. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर ती दप्तरासकट थेट आबांच्या शेडमध्ये आली होती. मोशीच्या फाट्यावर दुसरं काम असं कितीसं यायचं? एखादा पंक्चरचा ट्रक, कुणाचं बिघडलेलं ऑइल इंजिन. खात्याच्या गाड्या गेल्या की शेड बंद, आणि शेड बंद की तिची शाळा बंद. मॅट्रिकला एकच वर्ष उरलं होतं.

पण ती घाबरली नव्हती. कालच तिनं वर्गात फळ्यावर इंजिनाची आकृती काढून सगळ्या मुलांना समजावून सांगितली होती. तेव्हापासून तिला वाटत होतं, जगातलं कुठलंही झाकण आपल्याला उघडता येईल.

आबांनी प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या, पुन्हा लावल्या. पॉइंट घासले. कार्बोरेटरचे जेट फुंकले. इंजिन तसंच खोकत राहिलं.

"आबा," ती उठून जवळ आली. "मागच्या दोन वायरी काढल्या की आवाज पडतो. पुढच्या दोन काढल्या तर काहीच फरक पडत नाही. म्हणजे पुढचे दोन आधीच नीट चालत नाहीयेत. त्या बाजूनं कुठून तरी हवा शिरत असेल."

"तू घरी जा. पाणी भरून ठेव. आई चऱ्होलीस्नं खुरपून दमून येती."

"पण आबा, ऐका तर."

"बोलू द्या हो, मिस्त्री," उद्धवराव म्हणाले. "निदान कुणाला तरी काही सुचतंय."

"पोरीच्या जातीला इंजिनातलं काय कळतंय, साहेब."

इंद्रायणी जागच्या जागी थांबली. आबा असं कधीच बोलले नव्हते. पाना कसा धरायचा हे त्यांनीच तर तिला शिकवलं होतं. तिचे कान तापले. तिनं फळीवरची तेलाची कुपी घेतली आणि सरळ बॉनेटखाली वाकली.

कार्बोरेटरचा पाइप इंजिनाला जिथं जोडला होता, तिथून बारीक फुस्स असा आवाज येत होता. तिनं त्या सांध्यावर तेलाचे चार थेंब सोडले. फुस्स थांबलं. इंजिन दोन क्षण अगदी शहाण्यासारखं चाललं आणि पुन्हा खोकायला लागलं.

"सापडलं," ती म्हणाली. "बंद करा, भैरूमामा."

"इंद्रे, हात भाजंल. सर मागं," आबा म्हणाले.

"राहू द्या तिला," साहेब आता उठून जवळ आले होते.

तिनं नट काढले, पाइप सैल केला. आतल्या जाड कागदाच्या पॅकिंगचा एक कोपराच नव्हता, कात्रीनं उडवल्यासारखा. पॅकिंग आबा स्वतः कापायचे, रात्री कंदिलाशी बसून. हल्ली त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं, हे तिला आठवलं आणि मघाचा राग उतरला. ते पॅकिंग तिनं साहेबांना दाखवलं नाही, मुठीत दडवलं. नवं कापलं, बसवलं, नट आवळले.

भैरूनं गाडी सुरू केली. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून त्यानं विचारलं, "चालू आहे ना?"

उद्धवराव पहिल्यांदाच हसले. "शाबास, पोरी. मिस्त्री, गाड्या तुमच्याकडेच राहतील. हिला मात्र शिकवा." ते गाडीत बसले. "चल भैरू, पक्की खबर आहे. चऱ्होलीचा नदीकाठ. आज पार भट्टीला टेकलो तरी कुणाला चाहूल लागायची नाही."

"साहेब, रेडिएटरात पाणी घालतो," भिमाजी धावत पुढं आला. "पाचच मिनटं थांबा."

"मघाशीच बघितलं मी, आबा. भरलेलं आहे."

मोटार फाट्यावरून वळली. नुसती धूळ उडताना दिसली. आवाज असा नाहीच.

इंद्रायणी शाबासकीची वाट बघत उभी राहिली. आबा जमिनीवर बसले होते, चाकाच्या खुणेकडे बघत.

"रागावलात?" तिनं मूठ उघडून ते पॅकिंग त्यांच्यापुढं धरलं. "मी कुणाला सांगणार नाही. डोळ्यांना नीट दिसत नसेल, म्हणून चुकून कापलं गेलं असेल."

"डोळं धड हायेत माझं," भिमाजी म्हणाला. "कोपरा मी मुद्दाम उडवला. चऱ्होलीला तुझी आई खुरपायला जात न्हाई, इंद्रे."