तिसरी चकली

दिवाळसणाला आलेल्या जावयाने, ओजसने, दुसरी चकली संपवली आणि शैलाताईंनी डब्याला झाकण लावायला घेतलं. सात वर्षांपूर्वी घरोघरी आलेल्या प्रथिनाच्या भाजणीची चकली कितीही जीव टाकावा अशी लागली, तरी दोनच खाता येतात. मग पोट सहा तास काही आत घेत नाही, हे आता पोराटोरांनाही ठाऊक होतं. डॉक्टर खूश होते. शैलाताईंचा आग्रह मात्र सात वर्षं वापराविना पडून होता.

तरी सवयीने त्या बोलून गेल्या, "जावईबापू, अजून एक घ्या."

"द्या ना," ओजस म्हणाला.

त्याने तिसरी खाल्ली, चौथी खाल्ली. शैलाताईंचे डोळे चमकले. "माझ्या गळ्याची शपथ," म्हणत त्यांनी पाचवी वाढली, आणि लगोलग सहावी.

सहावीला ओजसच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्यांच्या लेकीला, केतकीला राहवेना.

"आई, थांब गं. ऑपरेशन झालेल्या पेशंटना देतात ती भुकेची गोळी घेऊन आलाय तो. म्हणे, सासूने आग्रह करायचा नि जावयाने नाही म्हणायचं, मग दिवाळसण कसला?"

मग उभ्या आयुष्यात न केलेली गोष्ट शैलाताईंनी केली. पाहुण्यापुढची बशी उचलली.

"पुरे आता. आडवे व्हा जरा."

"एकच घेतो, आई. खरंच छान झालीये."

"अर्धीसुद्धा मिळणार नाही," म्हणत त्यांनी डबा कपाटात घालून कुलूप लावलं, आणि त्याच्यासाठी ओव्याचं पाणी उकळत ठेवलं.