भरपाई
शिक्षा भोगून दोन हजार दोन साली सुटल्यावर कृष्णात थेट हुपरीला शालनच्या दारात गेला. त्याच्याच टेम्पोखाली तिचा पोरगा संग्राम गेला होता. शालन ओसरीवर पैंजणांना घुंगरं जोडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "वहिनी, शेतातलं, घरातलं, जे सांगशिला ते काम करतो," तो म्हणाला. "मला भरपाई करायची हाय." कोपऱ्यात तिचे सासरे बसले होते. त्यांची उभी हयात शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी म्हणून गेली होती. ते सावकाश म्हणाले, "लेका, ह्यो शब्द कुठनं आला ठावं हाय? सगळं पुरतं मिळालं की घेणारा पावतीवर लिहायचा, भरून पावलो. त्याचीच भरपाई झाली. ती देणाऱ्यानं म्हणून हुईत न्हाय, घेणाऱ्यानं म्हणावी लागती." कृष्णातनं शालनकडं पाहिलं. तिनं हातातलं पैंजण खाली ठेवलं. "मला ते कधीच म्हणता यायचं न्हाय," ती म्हणाली. तो मान खाली घालून वळला. पायरी उतरतोय तोवर मागनं तिचा आवाज आला, "थांब. जीपमधनं कोल्हापूरच्या दवाखान्यात नेताना त्याचं डोकं तुझ्या मांडीवर हुतं म्हणत्यात. वाटेत काय बोलला का त्यो? मला कुणीच सांगितलं न्हाय." कृष्णात तिथंच पायरीवर टेकला. "बोलला की," तो म्हणाला. "माझ्या आईला सांगू नगासा, ती लई घाबरती, म्हणाला."