वांग्याची साल

पारोळ्याहून ताईबाई आपल्या भूपेंद्रला घेऊन सुलक्षणाला पाहायला येणार, म्हणून आईनं धाकट्या दिपमालाला सकाळीच शेजारी पाठवून दिलं. दोघी बहिणी एकत्र दिसल्या की मोठीचं जमता जमता फिसकटतं, हे आजवर आलेल्या पाहुण्यांनीच तिला शिकवलं होतं.

सुलक्षणाचा उजवा गाल भाजलेला होता. लहानपणी खळ्यातल्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांनी पेट घेतला, तेव्हा दिपमालाला तिनंच आगीतून ओढून काढलं होतं.

जेवायला तिच्या हातचं भरीत आणि कळण्याची भाकरी होती. ताईबाईंनी दोनदा मागून घेतलं. गालाची हकीकत ऐकून तर त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"अहो, भाजलेल्या वांग्याची साल कोणी पाहतं का? आतला गर पाहावा माणसानं. पोर लाखात एक शे!"

आईनं देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले. भूपेंद्र मोबाईलमधून मान वर काढून हसला. सुलक्षणानं गालावर ओढून घेतलेली ओढणी आज पहिल्यांदाच पाहुण्यांसमोर मागे सारली.

ताईबाईंनी पिशवीतून ओटीचा नारळ काढला आणि त्याच गालावरून मायेनं हात फिरवला.



"चला, आता येताना शेजारच्या ओट्यावर दिसली त्या धाकटीला बोलवा, तिची ओटी भरून घेते, आणि लग्नातलं भरीत मात्र या मोठीच्याच हातचं पाहिजे हं!"