सुभेदाराचा दहावा

निवृत्तीची काठी पिंडावर बसली आणि भाताचा पार चेंदामेंदा झाला.

भटजी पळी-पंचपात्र टाकून मागं सरकले. नदीकाठी सगळं अमडापूर जमलेलं. सुभेदार भगवानरावांचा दहावा होता. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण इथं तसं नव्हतं. माणूस जिवंतपणीच मोठा. बुलढाण्याहून डिप्टी कमिशनर साहेबानं हार धाडला होता. पलटणीतले जुने शिपाई गावोगावहून छातीवर बिल्ले लावून आले होते. एवढं सगळं असून कावळा काही पिंडाला शिवत नव्हता. शिपायांनी एकेक करून हात जोडले. "साहेब, बाईची काळजी करू नका, आमी हावो ना," म्हणाले. कावळा बाभळीवर ढिम्म. शेवटी कुणीतरी पुटपुटलं, साहेबांचा जीव निवृत्तीत अडकला असंल, त्याला पुढं बोलवा. निवृत्ती लंगडत पुढं आला आणि हात जोडायचे सोडून त्यानं हा प्रताप केला.

"धरा रे हरामखोराले!" त्या शिपायांतला कडूबा हवालदार ओरडला.

पहिली थप्पड कानावर बसली, दुसरी तोंडावर. निवृत्तीचा ओठ फाटला. तो पडला तसे चौघे त्याच्यावर तुटून पडले, बरगडीत लाथा बसू लागल्या. लंगडा असला तरी गडी सोपा नव्हता. त्यानं कडूबाच्या मनगटाला असा चावा घेतला की मांसाचा लचका निघाला. कडूबा पिसाळला. निवृत्तीची मान धरून त्यानं त्याला फरफटत नदीपाशी नेलं आणि तोंड पाण्यात दाबलं.

"पी पानी, भगोड्या! सुभेदाराच्या पिंडावर काठी मारतं? पी!"

भगोडा हे निवृत्तीचं गावातलं नावच होतं. इंग्रजांच्या मोठ्या लढाईत भगवानराव गावची पोरं घेऊन मलकापूरच्या टेशनावरून दूर इराकात, बसऱ्याला गेले होते. तिथं एका पहाटेच्या हल्ल्यात सगळी पोरं कापली गेली. भगवानराव छातीत गोळी घेऊन परत आले आणि निवृत्ती मोडका गुडघा घेऊन. हल्ल्याच्या भीतीनं यानं आपल्याच हातानं पाय मोडून घेतला, असं गाव म्हणायचं, आणि त्याच्या तोंडावर म्हणायचं. सुभेदारांनी या गोष्टीला कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही.

पाण्यात निवृत्तीचे हात तडफडले, मग ढिले पडू लागले. दहाव्याच्या दिवशी काठावर दुसरं प्रेत पडायचं, एवढ्यात सुभेदारांची बायको झुंबरबाई धावत आली. तिनं कडूबाला ढकललं.

"सोड त्याले! मेल्या मानसाच्या पिंडावर कोनी उगाच काठी मारत नाही. बोल रे निवृत्ती. माह्या देखत बोल."

निवृत्ती खोकला. पाणी आणि रक्त मिळून बाहेर आलं.

"काय बोलू, बाई? तुमच्या मालकानंच मोडला माहा पाय."

"खोटं बोलून राह्यला!" कडूबा पुन्हा धावला. झुंबरबाईनं हात आडवा धरला.

"खोटं?" निवृत्ती किंचाळला. "माहा थोरला भाऊ हल्ल्याच्या हप्त्यातच फुटला होता बाँबगोळ्यानं. आतडे हातात धरून माय माय करत मेला. घरी माय एकटी, तिले आता मीच एक उरलो होतो. मले त्याचा सूड घ्याचा होता. संगीन घासून तयार बसलो होतो मी! हल्ल्याच्या आदल्या सांजी सुभेदार आला. एका बाजूले नेलं. म्हने, बैस. बसलो. अन् बंदुकीचा दस्ता घातला गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज आला तरी मारतच राह्यला. पाय धरले म्या त्याचे, साहेब माहं काय चुकलं? तं तोंडात माती कोंबली माह्या, का वरडू नको. मंग पाठीवर घेऊन डाक्टरकडं नेलं. म्हने, हा खंदकात पडला."

तो ढसाढसा रडू लागला. रडता रडता मुठीनं वाळू बडवू लागला.

"पहाटी सगळे गेले. उद्धव गेला, समदे गेले. चावडीच्या दगडावर नावं लागले त्याइचे. अन् मी? पोट्टे गोटे मारतात मले. मायले म्हातारपनी माह्यापायी लोकाइचे बोल खा लागले. अन् यानं एका शब्दानं सांगतलं नाही कोनाले. असा मानूस सुटावा? का म्हनून सुटावा?"

कडूबाची मूठ उघडली. झुंबरबाई होती तिथंच खाली बसली. आता तरी कुणी सुभेदाराला एक शिवी हासडेल, म्हणून निवृत्ती आशेनं एकेकाच्या तोंडाकडं पाहत होता. कुणी त्याच्याकडं पाहिना.

बायकांच्या घोळक्यातून गीताबाई उठली. ही उद्धवची विधवा. नवरा पलटणीत गेला तेव्हा हिची हळदही उतरली नव्हती. ती सरळ निवृत्तीपुढं येऊन बसली आणि लोकांदेखत तिनं त्याच्या वाकड्या गुडघ्यावर हात ठेवला. हाड जिथं चुकीचं जुळलं होतं, तिथून तिनं बोटं हळूहळू फिरवली.

"निवृत्तीभाऊ," तिनं विचारलं, "माह्या मालकाचा पाय काऊन नसंल मोडला सुभेदारानं?"