टाकीच्या तोंडाशी चपला

रोह्याच्या सरबत कारखान्यात आज पहिल्यांदाच टाकी निर्जंतुक करण्याचं काम माझ्या एकट्याच्या देखरेखीखाली होतं. उत्साहाने हात नुसते शिवशिवत होते.

टाकी घासायला आत उतरणारा माणूस चपला तोंडाशी काढतो. त्या उचलल्या गेल्याशिवाय झाकण लावायचं नाही, ही इथली रीत. टाकी घासून मोतीराम बाहेर आला, त्याने चपला घातल्या. मी झाकण लावून टाकीत वाफ सोडली.

तापमानाचा काटा चढत असताना तोंडाशी चपलांचा आणखी एक जोड दिसला.

“आत कोण आहे?” मी घाईने वाफ बंद केली.

“सगली भायेर हायेत, सायेब. ज्याच्या त्याच्या चपला पायात हायेत,” मोतीराम म्हणाला.

कोंडलेली वाफ काढून झाकण उघडलं. टाकी रिकामी होती, लखलखीत. मला हसूच फुटलं.

मोतीराम मात्र जमिनीकडे बघत होता. चपलांचा जोड तिथे नव्हता.

“सायेब,” तो हळूच म्हणाला, “आता भायेर कोन आला?”