कपडे राखणारा

विहिरीच्या काठावर मी शर्टाचं शेवटचं बटण सोडलं, तशी खाली पोहणारी पोरं हात थांबवून वर बघू लागली.

आठवीत माझी छाती बायकांसारखी वाढली आणि माझं पोहणं सुटलं. तेव्हापासून मी काठावर बसून सगळ्यांचे कपडे राखायचो, भर उन्हाळ्यात शर्टाखाली दोन बनियन घालून. आई म्हणायची, वयाबरोबर जाईल. माझ्या वडिलांनी, आबांनी मात्र बारावीची परीक्षा संपताच मला प्लॅस्टिक सर्जनकडे नेलं आणि ऑपरेशन करूनच आणलं. कालच डॉक्टरांनी पोहायची परवानगी दिली होती आणि सोमवारी कॉलेज सुरू होणार होतं.

मी सूर मारला. वर आलो तर पोरं शिट्ट्या मारत होती आणि माझ्यासोबत आलेले आबा काठावर स्वतःच्या शर्टाची बटणं सोडत होते. घरातसुद्धा कधी उघडे न बसलेले आबा! शर्ट उतरला. त्यांची छाती थेट माझ्या जुन्या छातीसारखी होती.

"आबा, कपडे कोण राखणार?" मी ओरडलो.

"जलमभर मीच राखली की रं कापडं! आज जाऊ देत चोरीला!" असं म्हणून आबांनी गुडघे पोटाशी घेऊन विहिरीत धप्पकन मुटका मारला.